धोतऱ्याला आत्मचरित्र नाही

सांगलीहून हरिपूरला निघालं की उकिरड्याजवळ, पडक्या भिंतीच्या आडोशाला धोतरा दिसतोच. महाशिवरात्रीला संगमेश्वराच्या देवळाबाहेर बेलाच्या पानांशेजारी त्याची पांढरी फुलं आणि काटेरी बोंडं मांडलेली असतात. वाळलेलं बोंड उकललं की आत चपट्या, पिवळसर तपकिरी बिया. कुणालाही मिरचीच्याच वाटतील. न्यायवैद्यकात हा फरक मुद्दाम शिकवतात: बी कापून पाहिलं तर मिरचीतला गर्भ आत वळलेला असतो, धोतऱ्यातला बाहेर. साम्य नात्यातलंच आहे म्हणा. मिरची, वांगं, टोमॅटो, बटाटा आणि धोतरा एकाच कुळातले.

सहावीत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलानं पैजेवर या बिया खाल्ल्या. थोड्या वेळानं त्याचं तोंड कोरडं पडलं, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. तो भिंतीशी बोलायला लागला. मग बोटांच्या टोकांतून नसलेले दोरे ओढत बसला, एकेक, अगदी मन लावून. दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. चार दिवसांनी शाळेत आला तेव्हा आम्ही त्याला घेरलं, काय काय दिसलं ते सांग म्हणून. त्यानं उलट आम्हालाच विचारलं, "मी काय बोलत हुतो रं?"

पुढे नशेवरचं साहित्य वाचायला लागलो आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत राहिला. १८२१ मध्ये इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सी यांनी आपल्या अफूच्या व्यसनाची कहाणी लिहिली. एका रात्रीत सत्तर किंवा शंभर वर्षं जगल्यासारखं वाटायचं, असं ते सांगतात. १९५३ च्या मे महिन्यात इंग्रज कादंबरीकार ऑल्डस हक्स्ली यांनी एका मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ०.४ ग्रॅम मेस्कॅलीन, म्हणजे एका निवडुंगातलं भास घडवणारं द्रव्य, घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक काढलं. फुलदाणीतली तीन फुलं, खुर्चीचे पाय, स्वतःच्या पँटच्या चुण्या यांवर त्यांनी भान हरपून लिहिलंय. अफूला लेखक मिळाला, मेस्कॅलीनला मिळाला, एलएसडीला तर ढिगानं मिळाले. मग आपल्या दारात उगवणाऱ्या धोतऱ्याला का नाही?

उत्तर मेंदूच्या रसायनात आहे. मेस्कॅलीन आणि एलएसडी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका विशिष्ट रिसेप्टरला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटून तो चालू करतात. त्यानं दिसणं, ऐकणं, काळाचं भान सगळं बदलतं. पण मनाचा एक कोपरा बहुतेक वेळा साक्षी राहतो. आपण औषध घेतलंय, हे नेहमीचं दिसणं नव्हे, एवढं त्याला कळत असतं, आणि पाहिलेलं पुष्कळसं लक्षातही राहतं. हक्स्लींना लिहिता आलं ते या साक्षीमुळे.

धोतऱ्यातली स्कोपोलामीन, ॲट्रोपीन ही द्रव्यं काही चालू करत नाहीत, बंद करतात. ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन पेशीपेशींत निरोप पोचवतं. त्याचीच वाट ती अडवतात. लाळ सुटायला हे रसायन लागतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. बाहुली आकसायला लागतं, म्हणून ती पसरते. आणि नवी आठवण कोरायलाही तेच लागतं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात त्याचा निरोप पोचला नाही की समोर घडलेलं नोंदलंच जात नाही. आठवण पुसली जाते असं नव्हे, मुळात ती तयारच होत नाही. शिवाय इथे साक्षीही उरत नाही. त्या मुलाला भिंत बोलल्यासारखी वाटत नव्हती. त्याच्यापुरती ती खरंच बोलत होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये बाळंतिणींना मॉर्फिनबरोबर स्कोपोलामीन देत. बाई कळा सोसत असे, ओरडत असे, आणि नंतर काही झालंच नाही असं सांगत असे. याला सुखाची प्रसूती म्हणत. मला हे वाचून अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. आठवत नाही म्हणून वेदना झाली नाही, असं कसं म्हणायचं?

म्हणूनच धोतऱ्याबद्दल जे काही लिहिलं गेलं ते बघणाऱ्यांनी लिहिलं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात दोन्ही तऱ्हा सापडतात. भांगेची गोष्ट खाणाऱ्याच्या तोंडची आहे: गुजरातचा सुलतान बहादूरशाह सांगतो, की रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, इराण फिरून यावंसं वाटलं तर थोडी भांग पुरते. धोतऱ्याची गोष्ट मात्र चोरीची. जेवणात तो घालून मालकिणीला लुबाडलेलं, ती नुसती हसत बसलेली. सांगणारे सगळे बाहेरचे. तिला आतून काय वाटत होतं, ते त्या ग्रंथात नाही.

एका झाडात विष किती आणि दुसऱ्यात किती, हे बी पाहून कळत नाही. तेवढ्यावर माणसं दगावतात. आमचा तो मित्र वाचला, एवढंच.

मागच्या वर्षी एका लग्नात तो भेटला. केस पिकलेत, नातू आहे. पंगत उठल्यावर आम्हा तिघांना बाजूला घेऊन त्यानं पुन्हा तेच विचारलं. एक म्हणाला, तू मेलेल्या आजीशी बोलत होतास. दुसरा म्हणाला, बैलांना हाका मारत होतास. मला फक्त ते दोरे आठवत होते.