दोन करड्या डिंग्या: पीव्हीसी आणि हायपॅलॉन

फुगवायच्या डिंगीला, म्हणजे नांगरलेल्या बोटीवरून किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीला, ठिगळ लावून मी ४८ तास थांबलो होतो. मग पंपाचे वीसेक दट्टे मारले असतील-नसतील, ठिगळाची एक कड उचलली गेली, फुस्स आवाज आला आणि अख्खं ठिगळ वाळलेल्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. गोंद सगळा ठिगळाच्या अंगाला, डिंगीचं कापड पुसून घेतल्यासारखं स्वच्छ. विकणाऱ्याने ‘हायपॅलॉनची आहे’, म्हणजे रबरी कापडाची, म्हणून सांगितलं होतं. त्यावर विसंबून मी ठिगळ हायपॅलॉनचं आणलं, गोंदही त्याचाच. डिंगी निघाली पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या कापडाची.

विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असं आजही म्हणवत नाही. बहुधा त्यालाही माहीत नसावं. दोन्ही कापडं करडी, दोन्हींच्या नळ्या सारख्याच फुगतात, आणि मागची लाकडी फळी, वल्ही, बाजूचे दोर यांत तर काहीच फरक नसतो. पण स्वस्तात डिंगी घ्यायची असेल तर सगळा हिशेब या कापडापाशीच येऊन थांबतो.

फुगवायचीच डिंगी का, हे आधी उरकून टाकतो. वीस-पंचवीस फुटांच्या शिडाच्या बोटीवर कडक बुडाची डिंगी ठेवायला जागाच नसते. पुढच्या डेकवर पालथी घातली तर समोरचं दिसत नाही आणि नांगर टाकताना पायात येते. मागे बांधून ओढली तर बोटीचा वेग खाते, आणि लाटा मागून येत असल्या की धावत येऊन बोटीलाच टक्कर देते. वल्हवायला मात्र कडक डिंगीच्या तोडीची दुसरी नाही. वारा समोरून असला की फुगवलेली डिंगी वल्हवणं हे नुसतं कष्टाचं काम असतं. तेव्हा जागा असेल तर बेलाशक कडक डिंगी घ्या. जागा नसेल तर गुंडाळून बाकाखाली सरकवता येईल अशीच लागते. (आणि फुगते म्हणून तिला जीवरक्षक तराफा समजू नका. तो स्वतःहून फुगतो, त्याला छत असतं. डिंगी ही नांगरावरून किनाऱ्यापर्यंत जाण्याची होडी आहे, बस्स.)

आता कापड. दोन्हींच्या आत विणलेलं पॉलिएस्टर किंवा नायलॉन असतं आणि ताण तेच सोसतं. फरक वरच्या लेपाचा. पीव्हीसी हे प्लास्टिक. मुळात ते कडक, पाण्याच्या पाइपांत असतं तसं. ते लवचिक राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक रसायन, प्लास्टिसायझर, मिसळतात. हायपॅलॉन हे कृत्रिम रबर. त्याचं खरं नाव क्लोरोसल्फोनेटेड पॉलिएथिलीन, बोलताना सीएसएम. हायपॅलॉन हे ड्यूपॉन्टचं व्यापारी नाव, आणि त्यांनी हे उत्पादन २०१० मध्येच बंद केलं. आज ‘हायपॅलॉनची’ म्हणून जी नवी डिंगी मिळते, तिच्यावर दुसऱ्या उत्पादकांचं सीएसएम असतं. त्यात वाईट काही नाही. फक्त नावावर जाऊ नका, ‘बाहेरून सीएसएम, आतून निओप्रीन’ असं लिहिलंय का ते बघा. ऊन आणि ओझोन बाहेरचा थर झेलतो, हवा आतला निओप्रीन (हेही एक कृत्रिम रबरच) धरून ठेवतो.

किमतीतला फरक कुठून येतो हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. वाटायचं, रबर महाग असेल. रबर महाग आहेच, पण खरी मेख सांध्यात आहे. पीव्हीसी मेणासारखं: तापवलं की मऊ होतं, दोन तुकडे दाबले की एकजीव होतात, गार झालं की पुन्हा घट्ट. त्यामुळे त्याचे सांधे यंत्रावर, गरम हवेने किंवा विद्युतलहरींनी, भराभर वितळवून जोडता येतात. हायपॅलॉन भट्टीतून निघालेल्या मडक्यासारखं. एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. त्याचा प्रत्येक सांधा हाताने घासायचा, गोंदाचे थर द्यायचे, वाळू द्यायचे, मग पट्टी बसवायची. ही माणसाच्या हातांची मजुरी आपण किमतीत मोजतो.

यातूनच दोघींच्या म्हातारपणाची तऱ्हाही ठरते. पीव्हीसीच्या डिंगीत आधी कापड जातं, हायपॅलॉनच्या डिंगीत आधी सांधा जातो.

पीव्हीसी उन्हात पडून राहिलं की आतलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतं. आधी पृष्ठभाग चिकट होतो. हात ठेवला की बोटं ओढल्यासारखी वाटतात, वाळू आणि धूळ बसते ती निघत नाही. पुढे तेच कापड ताठर होतं आणि घडीच्या रेषांवर बारीक चिरा दिसू लागतात. पेट्रोल सांडलं की हेच घडतं, फक्त लवकर. सांधे मात्र तोवर शाबूत असतात. हायपॅलॉनचं उलट. पंधरा वर्षांचं कापड नुसतं फिकं पडलेलं असतं, बोटाने चोळलं तर खडूसारखी पूड लागते आणि खाली ते अजून लवचिक. पण गोंदाचं वय झालेलं असतं. मागची फळी नळ्यांना जोडणारी पट्टी एका टोकाकडून उचलायला लागते, आणि एक पट्टी सुटली की बाकीच्याही त्याच वाटेवर असतात.

आणि एक तिसरा प्रकार आहे, ज्यापासून दूरच राहा असं मी म्हणेन: गोंदाने जोडलेली स्वस्त पीव्हीसी. कापड पीव्हीसीचं म्हणून उन्हाला कच्चं, सांधा गोंदाचा म्हणून उष्णतेला कच्चा. म्हणून नवी पीव्हीसी डिंगी घेताना मी पहिला प्रश्न सांध्यांबद्दल विचारतो, ते वितळवून जोडलेत की चिकटवलेत. विक्रेत्याला उत्तर सांगता येत नसेल तर मी चिकटवलेत असंच धरतो.

उष्णतेचं काय ते एकदा आकड्यांत बघू. नळ्यांत साधारण ०.२५ बार दाब भरतात. हा बाहेरच्या हवेपेक्षा (तिचा दाब साधारण एक बार) जास्तीचा दाब, म्हणजे आत एकूण सव्वा बारच्या आसपास. सकाळी २० अंशांना भरलेली डिंगी डेकवर दुपारी ४० अंशांपर्यंत तापली तर एकूण दाब जवळपास सात टक्क्यांनी वाढतो. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते एकूण दाबावर आहेत. सांध्यावर येणारा जास्तीचा दाब ०.२५ वरून ०.३४ च्या घरात जातो, म्हणजे ताण एक तृतीयांशाने वाढला. नळ्या फुगून थोडा दाब खातात हे खरं, पण उन्हातलं कापड ४० वर थांबत नाही हेही तितकंच खरं. म्हणून डिंगी डेकवर ठेवायची तर थोडी हवा सोडून ठेवावी. आणि पाण्यात उतरवल्यावर पाच-दहा मिनिटांनी ती ढिली वाटली तर भोक शोधत बसू नये. पाण्याने हवा गार झालेली असते, दोन दट्टे मारले की काम होतं.

जुनी डिंगी समोर आहे आणि कोणत्या कापडाची ते कुणालाच सांगता येत नाही, अशी वेळ हमखास येते. तेव्हा आधी झडप काढून भोकातून आत बघा, किंवा एखाद्या पट्टीची कापलेली कड शोधा. पीव्हीसी दोन्ही बाजूंनी सारखंच गुळगुळीत असतं. हायपॅलॉनची आतली बाजू मंद, रबरी आणि बरेचदा वेगळ्या रंगाची. समजलं नाही तर फळीच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक सँडपेपर दोन-चार वेळा फिरवा. हायपॅलॉनचा भुगा निघतो आणि जागा मखमलीसारखी मंद होते. पीव्हीसीचा असा भुगा निघत नाही, ते चोळवटल्यासारखं दिसतं. तरीही शंका उरली तर फडक्यावर थेंबभर अ‍ॅसिटोन घेऊन चोळायचं. पीव्हीसी चिकट होतं, हायपॅलॉन दाद देत नाही. अर्थात हे मालकाला विचारूनच. मी हे आधी केलं असतं तर ते ठिगळ वाया गेलं नसतं.

गोंदाचं बोलायचं तर पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा, हायपॅलॉनला निओप्रीनचा, दोन्ही दोन भाग मिसळून वापरायचे. यांची अदलाबदल चालत नाही. ठिगळ भोकाच्या चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर मोठं आणि कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपराच आधी उचलतो. दमट हवेत हे काम काढूच नये. आणि डिंगीला चकाकी आणायला सिलिकॉनचं पॉलिश तर अजिबात लावू नका, त्यावर पुढे कुठलाच गोंद धरत नाही.

मग घ्यायची कोणती? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. डिंगी वर्षभर पाण्यात किंवा उन्हात फुगवलेलीच राहणार असेल, रोज वापरायची असेल, तर हायपॅलॉन. त्याचे जास्तीचे पैसे वर्षांच्या हिशेबात वसूल होतात. पण छोट्या बोटीवाल्यांपैकी बहुतेकांची डिंगी सुट्टीच्या दिवशी निघते, दोन फेऱ्या मारते आणि पिशवीत जाते. तिला ऊन लागतं किती? अशा वापराला वितळवलेल्या सांध्यांची पीव्हीसी पुरते. वाचलेल्या पैशांतून नळ्यांवर बसतील अशा जाड कापडाच्या खोळी शिवून घ्या. पीव्हीसीचा शत्रू ऊन आहे, आणि खोळ ते थेट अडवते.

जुन्या बाजारात मी उलटं वागतो. जुनी पीव्हीसी चिकट लागली की हात झटकून परत फिरायचं, कारण मेलेल्या कापडावर ठिगळही टिकत नाही. जुनी हायपॅलॉन मात्र फिकी आणि कळकट दिसत असली तरी थांबून बघायची. रात्रभर फुगवून ठेवायला सांगायचं, सकाळी साबणाचं पाणी सांध्यांवरून फिरवायचं आणि बुडबुडे मोजायचे. एखाद्या पट्टीपाशी असले तर ती पट्टी नव्याने चिकटवता येते. सगळीकडून असले तर नमस्कार.

बुडाबद्दल थोडक्यात. लाकडी पट्ट्यांचं बूड सर्वांत स्वस्त आणि गुंडाळायला सोपं, पण पाय डगमगतात. फुगवायचं हवेचं बूड हलकं आणि ताठ असतं, मात्र ०.६ ते ०.८ बारपर्यंत भरावं लागतं आणि शेवटच्या दट्ट्यांना घाम काढतं. माझी पाठ बघता मी हलकंच घेतो.

ती पीव्हीसीची डिंगी मी नंतर योग्य गोंदाने दुरुस्त केली, खोळी शिवल्या आणि चार हंगाम वापरून पुढे दिली. देण्याआधी फळीच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने ठळक अक्षरांत लिहून ठेवलं: कापड पीव्हीसी, गोंद पॉलियुरेथेन, ठिगळं दोन.