पेशीचा आलेख की पेशींचा आलेख?

फरक एका अनुस्वाराचा, पण सगळा घोळ त्या टिंबातच आहे. जनुकीय नियमनाच्या मॉडेलचा वक्र प्रयोगातल्या एक्स्प्रेशन डेटावर, म्हणजे जनुक किती चालू आहे याच्या मोजमापांवर, चढवायचा आणि ‘मॉडेल जुळलं’ म्हणून मोकळं व्हायचं. हे इतक्या प्रोजेक्ट रिपोर्टांत वाचलंय की हल्ली ‘आर-स्क्वेअर ०.९’ (वक्र डेटाशी किती जुळतो याचा आकडा; १ म्हणजे तंतोतंत) दिसलं की मला धास्तीच वाटते.

मॉडेल काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे: कोणतं जनुक कोणाला चालू करतं, कोणाला बंद, आणि त्याची समीकरणं. एककं जुळत नाहीत, एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघालेली जनुकाची प्रत) मोजून प्रथिनाबद्दल बोललं जातं, या चुका दाखवल्या की लोक सुधारतात. अडतं ते पुढे. मॉडेल लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे एक पेशी असते. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन मोजण्याच्या चाचणीसाठी मात्र लाखो पेशी एकत्र फोडतात. हाती येते ती सरासरी.

पी५३ घ्या. हे प्रथिन एमडीएम२ या दुसऱ्या प्रथिनाचं जनुक चालू करतं आणि एमडीएम२ उलट पी५३चाच नाश घडवून आणतं. किरणोत्सर्गाने डीएनए तुटला की पी५३ची पातळी वरखाली होते. ब्लॉटमध्ये या लाटा हळूहळू विरत जाताना दिसायच्या, म्हणून विरणाऱ्या लाटांची मॉडेलंही आली. २००४ साली गलित लहाव, उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी चमकणारं पी५३ घातलेल्या एकेकट्या पेशींचं चित्रण केलं. तिथे लाटा विरत नव्हत्या. कुठल्या पेशीत एक, कुठे दोन, कुठे एकही नाही; किरणांची मात्रा वाढवली तर लाटेची सरासरी उंची तेवढीच राहायची, लाटांची संख्या वाढायची.

चाळीत दहा घरांत एकदम कुकर लागले, असं समजा. पहिली शिट्टी जवळपास सगळ्यांची एकत्र होते. मग कोणाचा गॅस मोठा, कोणाचा बारीक; कोणाच्या भाताला तीन पुरतात, कोणाच्या राजम्याला सहा लागतात. रस्त्यावरून ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज मंदावतोय. घरातली शिट्टी मात्र शेवटपर्यंत तेवढीच कर्कश असते.

रस्त्यावरचा आवाज ऐकून कुकरचं मॉडेल बसवलं, तर कुठल्याच कुकरमध्ये नसलेला मंदपणा त्यात घुसतो. आर-स्क्वेअर त्यावर ब्र काढत नाही, उलट शाबासकी देतो.

माझा आग्रह साधा आहे. मॉडेलमधून हजार पेशी चालवा, प्रत्येकीचा वेग आणि लाटांची संख्या थोडी वेगळी ठेवा, मग सरासरी काढा आणि ती ब्लॉटशेजारी मांडा. एवढं जमत नसेल तर ‘हे मॉडेल पेशीसमूहाचं आहे’ असं स्पष्ट लिहा, माझी हरकत नाही.

आणि ‘आम्ही सिंगल-सेल आरएनए-सीक्वेन्सिंग केलंय’, म्हणजे एकेका पेशीतला आरएनए वेगळा वाचलाय, हे उत्तर इथे चालत नाही. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत वाचण्यासाठी पेशी फोडावीच लागते, म्हणजे प्रत्येक पेशी एकदाच दिसते. तिची दुसरी लाट तुम्ही बघणार कशी?