'अजून ठरलं नाही' म्हणणारी मुलं

लस घेण्यासाठी रांगेत १५ वर्षांची मुलगी उभी आहे. बाही खांद्यापर्यंत वर केलेली. पुढच्या मुलाला सुई टोचली जाते तेव्हा ती मान वळवते. संमतीपत्रावर आईची सही झाली आहे. नर्सने नाव विचारलं, तेही आईनेच सांगितलं. आजाराची भीती, लशीची भीती, मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ हे सगळं डोक्यात घेऊन ती उभी आहे, पण तिला कुणी काही विचारलेलं नाही.

कोविडच्या महासाथीत अशा मुलांना थेट विचारण्याचा एक मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. २०२१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ९ ते १८ वयाच्या सुमारे २७,९०० विद्यार्थ्यांना विचारलं: कोविडची लस मिळाली तर घ्याल का? निम्मी मुलं हो म्हणाली. साधारण १३ टक्के नाही म्हणाली. उरलेल्या ३७ टक्क्यांचं उत्तर होतं, अजून ठरलं नाही.

आपल्या चर्चेत या तिसऱ्या गटाला जागाच नसते. लस घेणारे आणि लसविरोधक अशी फाळणी करून आपण मोकळे होतो. 'ठरलं नाही' म्हणणाऱ्या मुलाला विरोधक समजून उपदेशाचा मारा सुरू केला, तर तो खरोखरच विरोधाकडे सरकू शकतो. कुणी ढकलतंय असं वाटलं की पाय रोवून उभं राहायचं, हे या वयाचं लक्षणच आहे.

वयाप्रमाणे उत्तरं बदलत होती. ९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के लशीला तयार होती, १७ वर्षांच्यांपैकी सुमारे ७८ टक्के. लस नको म्हणणारी किंवा अजून न ठरवलेली मुलं तुलनेने गरीब वस्त्यांतल्या शाळांत जास्त होती. ती सोशल मीडियावर अधिक वेळ घालवत होती आणि त्यांना शाळा फारशी आपली वाटत नव्हती. सोशल मीडियामुळे संशय वाढला, की आधीच दुरावलेली मुलं तिथे जास्त रमली, हे अशा एकदाच केलेल्या पाहणीतून सांगता येत नाही. तरी मला सर्वांत बोलका वाटतो तो शाळेचा मुद्दा. लशीवरचा विश्वास हा बऱ्याच अंशी ती देणाऱ्यांवरचा विश्वास असतो. ज्या मुलाचं या माणसांशी नातंच जुळलेलं नाही, त्याने त्यांच्या शब्दाखातर दंड पुढे का करावा?

शिवाय मुलांचे प्रश्न पोरकट नसतात. 'कोविडचा धोका म्हाताऱ्यांना जास्त, मग मी का घ्यायची?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. १२ ते १५ वयोगटात फायझरच्या लशीची चाचणी २,२६० मुलांवर झाली. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या गटात १८ जणांना कोविड झाला, लस घेतलेल्या गटात एकालाही नाही. ही बाजू सांगावीच. पण दुसरी बाजूही सांगावी: अशा एमआरएनए लशींनंतर (म्हणजे विषाणूचं एक प्रथिन बनवण्याची कृती शरीराला देणाऱ्या लशींनंतर) क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज येते, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि बहुधा दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत. अमेरिकेत १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत १० लाख दुसऱ्या डोसांमागे अशा सुमारे १०६ नोंदी झाल्या. बहुतेक मुलं बरी झाली. अशी सूज खुद्द कोविडनेही येते. ही माहिती मुलांपासून लपवणं मला मोठी चूक वाटते. ती त्यांना मोबाइलवर मिळणारच असते, तीही तिखटमीठ लावून आणि आकड्यांशिवाय.

संमतीबाबत ब्रिटनमध्ये १९८५ सालीच एक महत्त्वाचा निवाडा झाला: उपचार म्हणजे काय, त्याचे परिणाम काय, हे नीट समजण्याइतकी प्रगल्भता असेल, तर १६ वर्षांखालील मूलही स्वतः संमती देऊ शकतं. सगळीकडे कायदा असा नाही. पण मुलाला समजावून सांगायला कायद्याची आडकाठी कुठेच नाही.

आणि कधीकधी 'ठरलं नाही'च्या आड निव्वळ सुईची भीती असते. किशोरवयीन मुलांपैकी २० ते ५० टक्क्यांना ती वाटते, असं वेगवेगळे अभ्यास सांगतात. मित्रांसमोर हे कबूल करण्यापेक्षा 'लशीवर माझा विश्वास नाही' म्हणणं सोपं जातं. टोचल्यावर भोवळ येण्याचं प्रमाणही या वयात जास्त. त्यात दोष लशीतल्या द्रव्याचा नसतो. भीतीने आधी ठोके वाढतात, मग अचानक मंदावतात, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. एक मुलगी कोसळली की रांगेतल्या बाकीच्यांचा धीर सुटतो आणि 'लशीने बेशुद्ध पडली' अशी बातमी तासाभरात पसरते.

भोवळ टाळण्याचा एक साधा उपाय आहे. बसून किंवा आडवं होऊन पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा गरम वाटू लागला की अर्धा मिनिट सोडायचे आणि पुन्हा आवळायचे. असं चार-पाच वेळा केलं की रक्तदाब टिकून राहतो. ज्या दंडात लस द्यायची, तो मात्र सैल ठेवायचा. रांगेतल्या त्या मुलीला हे आधीच दाखवता येईल. सुईकडे बघायचं की मान वळवायची, तेही तिलाच विचारता येईल.