नैसर्गिक मेकअप

नैसर्गिक मेकअप : त्वचेचा पोत, तिच्या रंगातले बारीक चढउतार आणि चेहऱ्याची मूळ ठेवण झाकून न टाकता चेहरा नितळ, ताजा आणि नीटनेटका दिसावा म्हणून केलेली रंगभूषा. बोलण्यात तिला ‘नो मेकअप लूक’ असेही म्हणतात. प्रसाधने कमी वापरली म्हणजे तो साधला, असे मात्र होत नाही. प्रायमर (बेसखाली लावायचा थर), फाउंडेशन (त्वचेचा रंग एकसारखा करणारा थर, म्हणजेच बेस), कन्सीलर (डाग झाकणारे दाट प्रसाधन), लाली, मस्कारा (पापण्यांच्या केसांचा रंग) हे सगळे लावूनही चेहरा स्वतःचाच दिसू शकतो, आणि नुसते फाउंडेशन जाड थापले तरी तो मुखवट्यासारखा होतो. थर किती पातळ आहे, तो नेमका कुठे लावला आणि त्याच्या कडा कशा विरवल्या, यावर सगळे अवलंबून असते.

त्वचा आणि प्रकाश

या मेकअपमागचे शास्त्र त्वचेच्या अर्धपारदर्शकतेत आहे. त्वचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ ते ७ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. उरलेला आत शिरतो आणि वेगवेगळ्या थरांत विखुरतो. वाटेत मेलॅनिन आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याचा काही भाग शोषून घेतात, आणि जो वाचतो त्यातला काही पुन्हा बाहेर येतो. जिवंत त्वचेचा रंग आतून उमटल्यासारखा वाटतो तो या प्रवासामुळे.

फाउंडेशनमध्ये मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य आणि लाल, पिवळी व काळी आयर्न ऑक्साइडे असतात. ती अपारदर्शक असल्याने त्यांचा थर जाड झाला की प्रकाश त्वचेत शिरण्याआधीच परत फिरतो. मग रंग कितीही अचूक निवडलेला असो, चेहरा निर्जीव वाटतो. थर पातळ असेल तर रंगद्रव्याच्या कणांमधून त्वचा दिसत राहते, आणि पाहणाऱ्याला फक्त तिचा रंग थोडा एकसारखा झालेला जाणवतो.

कोणाचाच चेहरा एकरंगी नसतो. नाकपुड्यांच्या कडा आणि गाल थोडे लालसर असतात, डोळ्यांखाली निळसर किंवा तपकिरी छटा असते, तोंडाभोवती आणि कपाळाच्या कडांना रंग अनेकदा गडद असतो. सगळीकडे सारखा बेस लावला की हे फरक पुसले जातात, आणि मग ते परत आणण्यासाठी लाली, कंटूर (सावली दाखवणारा गडद रंग), हायलायटर (उजळ चमक देणारे प्रसाधन) यांची रांग लागते. नैसर्गिक मेकअप करणारा हे फरक मुळातच पूर्ण पुसत नाही, आणि तिथेच त्याचे अर्धे काम वाचते.

डोळे आणि ओठ भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद असतात. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी २००९ मध्ये दाखवले की हा विरोध स्त्रियांच्या चेहऱ्यात पुरुषांपेक्षा जास्त असतो आणि मेकअप तो आणखी वाढवतो. पुढे २०१३ मध्ये त्यांच्यासह इतरांनी केलेल्या अभ्यासात वयाबरोबर हा विरोध काही बाबतींत कमी होत जातो असे आढळले. त्वचेवर काहीही न लावता फक्त भुवया, पापण्या आणि ओठ थोडे गडद केले तरी चेहरा एकदम जागा झाल्यासारखा का वाटतो, त्याचे कारण इथे सापडते.

इतिहास

आजचा मेकअप रंगमंच आणि चित्रपट या दोन्ही वाटांनी घडला. लुडविग लाइशनर या जर्मन ऑपेरा गायकाने १८७३ मध्ये बर्लिनमध्ये रंगमंचासाठी ग्रीजपेंट, म्हणजे चरबीयुक्त रंग, बनवायला सुरुवात केली. लांब बसलेल्या प्रेक्षकाला चेहरा दिसावा म्हणून ते जाड लावत. कॅमेरा जवळ आला तशी ही पद्धत निरुपयोगी ठरली, कारण जाड थराला हालचालीबरोबर भेगा पडत. पोलंडमध्ये जन्मलेले रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये चित्रपटासाठी पातळ, लवचिक ग्रीजपेंट तयार केले. त्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला संवेदनशील नव्हती, त्यामुळे लालसर त्वचा आणि ओठ पडद्यावर काळपट येत. १९२० च्या दशकात सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली आणि रंगभूषेचे रंग खऱ्या त्वचेच्या जवळ आणणे शक्य झाले. रंगीत चित्रपटांसाठी केलेला पॅनकेक हा वडीसारखा घट्ट बेस १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला आणि पडद्यावरचा बेस घराघरांत पोहोचला.

१९८० च्या दशकातल्या भडक रंगांनंतर न्यूयॉर्कच्या रंगभूषाकार बॉबी ब्राऊन यांनी १९९१ मध्ये ओठांच्या मूळ रंगाशी जुळणाऱ्या, तपकिरी झाक असलेल्या १० लिपस्टिक विक्रीला आणल्या. त्वचेची निगा आणि पातळ आच्छादन एकत्र देणारी बीबी क्रीम ही कल्पना जर्मन त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्टीन श्रामेक यांची, पण तिला खरी लोकप्रियता दक्षिण कोरियात मिळाली. द्रव फाउंडेशन स्पंजमध्ये मुरवून डबीत देणारे कुशनही तिथूनच, २००८ मध्ये आले.

या इतिहासात एक मोठा अन्याय आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. नैसर्गिक मेकअपची पहिली अट म्हणजे स्वतःच्या त्वचेशी जुळणारी छटा, आणि गडद त्वचेच्या लोकांना ती कित्येक दशके मिळतच नव्हती. फिकट छटांमध्ये काळे रंगद्रव्य मिसळून गडद छटा केल्या जात, आणि त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडमुळे चेहऱ्यावर राखाडी झाक येई. अमेरिकेत १९७३ मध्ये युनिस जॉन्सन यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी फॅशन फेअर हा प्रसाधनांचा ब्रँड सुरू केला. गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या ब्रँडने २०१७ मध्ये सुरुवातीलाच ४० छटा बाजारात आणल्यावर मोठ्या कंपन्यांना आपल्या छटांची संख्या वाढवावी लागली.

पूर्वतयारी

कोरड्या, सोलपटलेल्या त्वचेवर कोणताही बेस नीट बसत नाही. स्वच्छ चेहऱ्यावर मॉइश्चरायझर लावून तो काही मिनिटे मुरू द्यावा लागतो. घाईत लावलेले फाउंडेशन वर तरंगत राहते किंवा त्याच्या बारीक गोळ्या सुटतात. खूप पाणीदार क्रीमवर सिलिकॉनयुक्त प्रायमर किंवा त्याउलट क्रम ठेवला तरी हीच अडचण येऊ शकते, म्हणून वरचे आणि खालचे प्रसाधन एकाच प्रकारच्या पायाचे निवडणे सोयीचे.

फाउंडेशनवर लिहिलेल्या एसपीएफच्या (उन्हापासून संरक्षणाच्या आकड्याच्या) भरवशावर सनस्क्रीन टाळू नये. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर लावून केली जाते. एवढे फाउंडेशन लावले तर चेहरा नैसर्गिक राहणारच नाही.

छटेची निवड

छटा निवडताना दोन गोष्टी पाहतात : रंगाची खोली, म्हणजे त्वचा किती उजळ वा गडद आहे, आणि अंडरटोन, म्हणजे तिच्याखालची झाक पिवळसर, गुलाबीसर, हिरवट की तटस्थ आहे. चुका बहुतेक दुसऱ्या बाबतीत होतात. खोली जुळूनही चेहरा गुलाबी आणि मान पिवळसर दिसत असेल तर अंडरटोन चुकलेला असतो.

हाताच्या मागच्या बाजूला छटा लावून पाहण्याची सवय फार पसरलेली आहे, पण हाताचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेवर दोन-तीन छटांच्या रेघा मानेपर्यंत ओढून दिवसाच्या उजेडात पाहाव्यात आणि जी रेघ नाहीशी होईल ती छटा घ्यावी. त्याआधी दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण त्वचेच्या तेलाशी मिसळल्यावर काही फाउंडेशन गडद किंवा नारिंगी होतात. त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली त्वचाप्रकारांची श्रेणीही काही जण छटेसाठी वापरतात. ती त्वचा उन्हात किती भाजते आणि किती रापते हे सांगण्यासाठी आहे; अंडरटोनबद्दल ती काहीच सांगत नाही.

बेस आणि कन्सीलर

बेस चेहऱ्याच्या मध्यापासून बाहेर लावत नेतात. लालसरपणा आणि डाग बहुतेकांना नाक, त्याच्या बाजू आणि हनुवटी इथे जास्त असतात, म्हणून रंगद्रव्य तिथे हवे. कानाजवळ आणि केसांच्या रेषेपाशी ते जवळपास शून्य असले तरी चालते. पिळून काढलेल्या ओल्या स्पंजने थोपटले की जास्तीचे प्रसाधन स्पंज ओढून घेतो. बोटांची ऊब क्रीमच्या बेसला मऊ करते, त्यामुळे पातळ थरासाठी बोटेही उत्तम चालतात. ब्रशने सर्वाधिक आच्छादन मिळते, पण ओरखडे राहिले तर ते स्पंजने दाबून मिटवावे लागतात.

डाग लपवण्यासाठी सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर चढवणे ही सर्वांत सामान्य चूक. एखादा मुरूम झाकायचा तर अगदी बारीक ब्रशने त्याच्यावरच कन्सीलरचा ठिपका ठेवून क्षणभर सुकू द्यावा आणि फक्त कडा विरवाव्यात. मधला भाग हलवला की रंग निघून येतो. मुरमाचा उंचवटा रंगाने सपाट होत नाही, लालसरपणा तेवढा जातो, आणि दोन हातांवरून पाहणाऱ्याला तेवढे पुरते.

रंगसुधारकांचे (नको असलेली छटा मारणाऱ्या रंगीत प्रसाधनांचे) काम रंगचक्रातल्या समोरासमोरच्या रंगांवर चालते. हिरवा लालसरपणाला मारतो. पीच किंवा नारिंगी डोळ्यांखालच्या निळसर छटेला मारतो, आणि त्वचा जितकी गडद तितका हा रंग नारिंगीकडे झुकलेला लागतो. सुधारक पातळ लावला तर त्यावर कन्सीलर अगदी थोडे पुरते, कधी लागतही नाही. डोळ्यांखाली फिकट कन्सीलरचे मोठे त्रिकोण काढण्याची पद्धत तीव्र दिव्यांखालच्या छायाचित्रणात शोभते. रोजच्या उजेडात तो भाग वेगळा उठून दिसतो आणि हसताना त्यात चिरा पडतात. काळेपणा बहुधा नाकाजवळच्या आतल्या कोपऱ्यातल्या खळग्यात असतो, तेवढाच भरावा. डोळ्यांखाली सूज असेल तर फिकट रंगाने ती कमी न होता वाढल्यासारखी वाटते, कारण उजळ भाग पुढे आल्याचा भास होतो.

पावडर फक्त जिथे तेल सुटते तिथे, म्हणजे कपाळाचा मध्य, नाक आणि हनुवटी. गालांवर ती लवेला चिकटते आणि कडेने उजेड आला की स्पष्ट दिसते. सिलिकायुक्त पांढरी पावडर जास्त झाली तर फ्लॅशच्या छायाचित्रात चेहऱ्यावर पांढरे पट्टे उमटतात.

रंग परत आणणे

लालीचा रंग धाप लागल्यावर गालांवर स्वतःहून येतो तसा असावा. फिकट त्वचेवर तो गुलाबीसर, गव्हाळ त्वचेवर वीटकरी किंवा पीच, गडद त्वचेवर गर्द जांभळट किंवा लालभडकही असतो. डबीत भीतीदायक वाटणारे रंग गडद गालांवर सर्वांत खरे दिसतात. क्रीमची लाली पावडरच्या आधी आणि कोरडी लाली पावडरच्या नंतर लावायची. हा क्रम मोडला की डाग पडतात.

कंटूर म्हणजे सावली, आणि सावलीत ऊब नसते. त्यासाठी करडी झाक असलेला तपकिरी रंग लागतो. ब्रॉन्झर, म्हणजे उन्हात रापल्यासारखी झाक देणारा रंग, उबदार असतो आणि ऊन जिथे लागते तिथे, कपाळ, गालांची हाडे, नाकाचा शेंडा इथे, शोभतो. दोन्ही एकमेकांच्या जागी वापरल्याने चेहरा मळकट दिसतो. हायलायटरमधली चमक टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या अभ्रकाच्या कणांतून येते. कण मोठे असले तर चकाकी वेगळी मोजता येते; बारीक असले तर त्वचा नुसती ओलसर वाटते, आणि इथे तेच हवे असते.

भुवया, डोळे, ओठ

भुवयांमधल्या विरळ जागा केसांच्या दिशेने छोट्या रेघा ओढून भरतात; आतल्या टोकाला ठळक सरळ कडा काढली की चेहरा कठोर होतो. पापण्यांचे केस मस्कारा लावण्याआधीच वळवून घ्यावेत, नंतर वळवले तर ते तुटू शकतात. मस्कारा मुळाशी जास्त आणि टोकाकडे कमी लावला की पापणीची रेषा आपोआप गडद होते आणि आयलायनरची गरज उरत नाही. उघडलेला मस्कारा साधारण ३ महिन्यांत टाकून द्यावा, कारण प्रत्येक वेळी कांडीबरोबर जंतू नळीत जातात. ओठांना त्यांच्याच रंगाची किंचित गडद छटा बोटाने टिपून लावली की पुरते.

उजेड

मेकअप ज्या उजेडात पाहिला जाणार त्याच उजेडात करायला हवा. २७०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप) पिवळ्या दिव्याखाली लाली फिकी वाटते आणि हात सैल सुटतो. बाहेर पडल्यावर ती भडक असल्याचे कळते. खिडकीकडे तोंड करून बसणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर ५००० केल्विनच्या आसपासचा, रंग खरे दाखवणारा दिवा आरशाच्या दोन्ही बाजूंना हवा. डोक्यावरचा एकटा दिवा डोळ्यांखाली सावली पाडतो, आणि ती सावली झाकण्यासाठी विनाकारण कन्सीलर चढत जाते.

काढणे आणि त्वचेची काळजी

थर पातळ असला तरी झोपण्याआधी तो काढावाच लागतो. टिकाऊ आणि वॉटरप्रूफ प्रसाधने नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत. आधी तेल किंवा क्लीन्झिंग बाम, मग सौम्य फेसवॉश. ओला राहिलेला स्पंज जंतूंचे घर बनतो, म्हणून तो वापरानंतर धुऊन मोकळ्या हवेत वाळवतात. सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षके यांची अनेकांना ॲलर्जी असते. नवे प्रसाधन आधी काही दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहणे बरे.

कोड, भाजल्याचे व्रण, जन्मखुणा यांच्यासाठी पातळ थर पुरत नाही. त्यासाठी रंगद्रव्याचे प्रमाण खूप जास्त असलेली आच्छादक प्रसाधने वापरतात. त्वचा पूर्ण झाकल्यावर त्यावर खडबडीत स्पंजने किंचित गडद आणि किंचित लालसर अशा दोन-तीन छटांचे तुरळक ठिपके टिपतात, आणि आजूबाजूच्या त्वचेवर तीळ वा वांगाचे डाग असतील तर तेही वरून काढतात. त्यामुळे झाकलेला भाग शेजारच्या त्वचेपासून वेगळा ओळखू येत नाही.