कृतिसंशोधन

आपल्या रोजच्या कामात जाणवलेली एखादी अडचण नेमकी ठरवून घेऊन, तिच्यावर योजलेला उपाय स्वतःच अमलात आणून आणि त्याचा परिणाम पद्धतशीरपणे तपासून केलेले लहान प्रमाणावरील संशोधन. त्याला ‘क्रियात्मक संशोधन’ असेही म्हणतात. परिचर्या, समाजकार्य, कृषिविस्तार अशा क्षेत्रांतही ते केले जाते. महाराष्ट्रात मात्र ते मुख्यतः शाळांमध्ये आणि अध्यापक विद्यालयांमध्ये रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत शालेय कृतिसंशोधनाचा, विशेषतः त्याच्या आखणीचा व निष्कर्षांच्या मांडणीचा विचार केला आहे.

या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः कुर्ट लेविन (१८९०–१९४७) या मानसशास्त्रज्ञाकडे दिले जाते. १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या लेविन यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नियोजन, कृती आणि कृतीच्या परिणामांची तपासणी या टप्प्यांची एकातून दुसरी फेरी निघत जाणारी मालिका मांडली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ही कल्पना शाळेच्या दैनंदिन कामकाजाला लावून दाखवली, तर इंग्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ च्या सुमारास शिक्षकानेच संशोधक व्हावे असा आग्रह धरला. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर स्थापन झालेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांवर (डायट) प्रशिक्षणाबरोबर कृतिसंशोधनाचीही जबाबदारी सोपवण्यात आली.

कृतिसंशोधनाचे यश बहुतांशी आखणीवर, आणि आखणीतही समस्या किती अरुंद करून घेतली यावर अवलंबून असते. ‘विद्यार्थ्यांना गणित येत नाही’ ही तक्रार आहे, संशोधनाची समस्या नव्हे. तिसरीच्या वर्गातील काही मुले ५२ मधून २७ वजा करताना उत्तर ३५ लिहितात, असे शिक्षकाच्या ध्यानात आले म्हणजे समस्येला आकार येऊ लागतो. कारण या उत्तरात अज्ञानापेक्षा एक ठरावीक चुकीची रीत दिसते. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मूल ७ मधून २ वजा करते आणि दशकाच्या घरात ५ मधून २ वजा करून मोकळे होते. असे उत्तर लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला जवळ बसवून ‘हे कसे केलेस?’ असे विचारणे आणि त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवणे हा निदानाचा गाभा होय. घरची परिस्थिती, अनियमित हजेरी, आधीच्या इयत्तेतील उणिवा अशी कारणांची लांबलचक यादी आराखड्यात देण्याचा प्रघात आहे. परंतु शिक्षकाला वर्गात ज्यावर काही करता येईल तेवढेच कारण पुढच्या कामाला उपयोगी पडते.

कारण निश्चित झाले की परिकल्पना, म्हणजे पडताळून पाहायचे अपेक्षित विधान, मांडता येते. ‘काड्यांचे गठ्ठे सोडवून दशक सुटा करण्याचा सराव दिल्यास हातच्याच्या वजाबाकीतील ही विशिष्ट चूक कमी होईल’ या विधानात उपक्रम आणि अपेक्षित बदल दोन्ही स्पष्ट आहेत, म्हणून ते पडताळता येते. उद्दिष्टे, व्याप्ती व मर्यादा, न्यादर्श (अभ्यासासाठी निवडलेली मुले), साधने (चाचण्या इत्यादी), कालावधी ही आराखड्याची नेहमीची अंगे आहेत. त्यांतील साधनांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. उपक्रमाआधीच्या पूर्वचाचणीतील उदाहरणे उपक्रमानंतरच्या उत्तरचाचणीत तशीच दिली तर मुलांना उत्तरे आठवण्याची शक्यता राहते, आणि दुसरी चाचणी सोपी झाली तर वाढलेले गुण फसवे ठरतात. म्हणून दोन्ही चाचण्यांत हातच्याची उदाहरणे सारख्याच संख्येने व सारख्याच काठिण्याची असावी लागतात. कोणता निकाल आला तर परिकल्पना टिकली नाही असे मानायचे, हे उपक्रम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. आराखड्याच्या छापील नमुन्यांत यासाठी सहसा रकाना नसतो, तरी संशोधनाचा प्रामाणिकपणा या एका नोंदीने जितका जपला जातो तितका इतर कशाने क्वचितच जपला जातो.

निकालाचा अर्थ लावताना एक अडचण हटकून येते. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुले निवडली, तर कोणताही उपक्रम न करताही दुसऱ्या चाचणीत त्यांच्या गुणांची सरासरी काहीशी वाढण्याची शक्यता असते, कारण पहिल्या दिवशीच्या कमी गुणांत योगायोगाचाही वाटा असतो. टोकाच्या मापांची सरासरीकडे सरकण्याची ही प्रवृत्ती इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील व मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात दाखवून दिली होती. शिवाय मधल्या काळात नेहमीचे अध्यापन चालूच असते. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर सगळा फरक उपक्रमामुळेच पडला असे म्हणता येत नाही. शक्य असल्यास समांतर तुकडीला त्याच दोन चाचण्या द्याव्यात आणि तो उपक्रम त्या तुकडीला नंतर द्यावा, म्हणजे कोणतेही मूल उपायापासून वंचित राहत नाही. काही आठवड्यांनी तिसरी चाचणी घेतल्यास शिकलेले टिकले का, हेही कळते.

संख्याशास्त्राचा वापर बेताने करावा. गट १२ मुलांचा असेल तर एक मूल म्हणजेच ८ टक्क्यांहून अधिक होते. अशा वेळी ‘४१.६७ टक्के’ असे लिहिल्याने अचूकतेचा केवळ भास होतो, ‘१२ पैकी ५’ हेच खरे व वाचकाला समजणारे विधान होय. लहान गटांच्या सरासरींतील फरक तपासण्याचे टी-परीक्षण संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. ते वापरायचे असल्यास, त्याच मुलांच्या दोन चाचण्यांची तुलना असताना, दोन वेगळ्या गटांसाठीचे सूत्र न वापरता प्रत्येक मुलाच्या गुणांतील फरकावर आधारलेले सूत्र वापरावे लागते. प्रत्यक्षात काहीच बदल झाला नसता तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच हे परीक्षण सांगते. फरक कशामुळे पडला हे ते सांगत नाही.

अहवाल रूढीनुसार प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, कार्यपद्धती, माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन आणि निष्कर्ष व शिफारशी अशा पाच प्रकरणांत लिहिला जातो. अनेक अहवालांत पहिली दोन प्रकरणे फुगलेली असतात आणि प्रत्यक्ष उपक्रम दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. वाचणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाला नेमके उलटे हवे असते : कोणत्या दिवशी काय केले, मुलांनी काय प्रतिसाद दिला, उपक्रमात मध्येच कोणता बदल करावा लागला. उपक्रमाचा लाभ न झालेल्या मुलांविषयी स्वतंत्र परिच्छेद असावा, कारण पुढील फेरीची समस्या बहुधा तिथेच सापडते. निष्कर्ष ‘या वर्गातील या मुलांपुरता’ असे स्पष्ट लिहावे. एका वर्गाच्या अनुभवावरून साऱ्या राज्यासाठी शिफारशी करणे हा या प्रकारच्या लेखनातील फार पसरलेला दोष आहे.

तोंडी सादरीकरणाची संधी केंद्रस्तरावरील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी होणाऱ्या, शिक्षण परिषदांत मिळते. तेथे स्तंभालेखांपेक्षा एकाच मुलाच्या आधीच्या व नंतरच्या उत्तरपत्रिका शेजारी शेजारी दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. मात्र मुलांची नावे झाकलेली असावीत आणि छायाचित्रांसाठी पालकांची संमती घेतलेली असावी. प्रत्येक मुलाचे दोन्ही चाचण्यांतील मूळ गुण, चाचण्यांच्या प्रती आणि मुलाखतींची टिपणे परिशिष्टात जोडल्यास दुसऱ्या शाळेतील शिक्षकाला हिशोब स्वतः तपासता येतो व तोच उपक्रम आपल्या वर्गात करून पाहता येतो.