यलो फीवरचं पिवळं कार्ड: लस घेऊनही माणसं का अडतात?

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत जाताना, आणि तिथून पुढे दुसऱ्या देशात उतरतानाही, यलो फीवर म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड मागतात. लस न घेता जाणारे अडतात हे समजण्यासारखं आहे. पण लस घेतलेलेही अडतात, आणि ते बघवत नाही. दंडावर सुई टोचलेली असते, कागद मात्र अर्धवट.

एक गैरसमज आधी काढू. 'लस दिली' असं लिहून शिक्का मारला की काम झालं, असं नाही. कोणत्या उत्पादकाची आणि कोणत्या बॅचची लस, हा रकाना भरलेला हवाच. लसही जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेलीच लागते. असे उत्पादक अगदी मोजके: फ्रान्सची सनोफी, सेनेगलमधली डाकारची पाश्चर इन्स्टिट्यूट, ब्राझीलची बायो-मँगिन्होस आणि रशियाची चुमाकोव्ह संस्था.

"या कंपन्यांवर भरवसा का ठेवायचा?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. पण इथे नुसत्या नावावर कोणी भरवसा ठेवत नाही. कारखान्याची तपासणी होते आणि प्रत्येक बॅच, ती बनते त्या देशाच्या औषध नियामकाने वापरासाठी मोकळी केल्यावरच बाहेर पडते. बॅच क्रमांकावरून तुमची कुपी थेट त्या तपासणीपर्यंत शोधता येते. तो रकाना रिकामा ठेवून "चालतं हो" म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याचं अजिबात ऐकू नका. विमानतळावर तो तुमच्यासोबत नसतो.

टोचण्याआधी कुपी दाखवायला सांगा. यात संकोच कसला? नाव, बॅच, मुदत वाचा. लेबलवर वर्तुळात चौकोन असेल तर आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा. दोन्हींचा रंग सारखा झाला असेल किंवा चौकोन जास्त गडद असेल, तर कुपीला जास्त उष्णता लागली आहे, ती नको. लस भुकटीच्या रूपात येते आणि द्रावण मिसळल्यावर ६ तासांत संपवावी लागते. एका कुपीत बऱ्याचदा १० जणांचे डोस असतात, म्हणून अनेक केंद्रं ठरावीक वारीच बोलावतात. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचं इथेच फसतं.

कारण कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. १ तारखेला टोचलं तर ११ पासून. ८ तारखेला उतरणाऱ्याच्या हातात खरी लस आणि निरुपयोगी कार्ड असतं. वाटेत पीतज्वराचा धोका असलेल्या देशातल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबा असेल, तरी काही देश कार्ड मागतात.

आता जुनी कार्डं. ११ जुलै २०१६ पासून कार्ड आयुष्यभरासाठी वैध आहे, जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरीही. ती तारीख खोडून 'आजीवन' लिहायला जाऊ नका. खाडाखोड केलेलं कार्ड बाद ठरू शकतं, म्हणजे चांगलं कार्ड स्वतःच्या हातानं घालवायचं! साथीच्या वेळी कमी मात्रेचा डोस घेतला असेल, जसा २०१६ मध्ये काँगोची राजधानी किन्शासा इथे दिला गेला, तर तो या कार्डासाठी धरत नाहीत. पूर्ण डोस घ्यावा लागतो.

लस देणारं केंद्र सरकारमान्यच हवं. सोबत पासपोर्ट न्या. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळलं पाहिजे. मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, तारखेत महिना अक्षरात. डॉक्टरांची सही हातानं केलेली लागते, सहीचा शिक्का चालत नाही. केंद्राचा शिक्का वेगळा. तुमचीही सही हवी, आणि लहान मुलाच्या कार्डावर पालकाची. प्रत्येक मुलाचं कार्ड स्वतंत्र.

ही जिवंत विषाणूची लस आहे. ६ महिन्यांखालच्या बाळाला, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याला किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्याला ती देत नाहीत. साठी ओलांडलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांशी आधी बोलावं. आजार लपवून लस घेऊ नका, त्यासाठी सूट-पत्राची सोय आहे. डॉक्टर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये कारण लिहून देतात. ते दाखवूनही उतरल्यावर निगराणीखाली किंवा अलग ठेवलं जाऊ शकतं, पण संसर्गाची शक्यता संपल्यापासून ६ दिवसांहून जास्त नाही.

लस न टोचता नुसतं कार्ड देणारे दलाल भेटतात. त्यात कागद खोटा असतो आणि डासाला कागद वाचता येत नाही. २०१६ च्या साथीत अंगोलाहून पीतज्वराचे ११ रुग्ण चीनला पोहोचले होते.

कार्ड हातात आलं की खुर्चीवरून उठण्याआधी वाचा, आणि बॅच क्रमांक नीट दिसेल असा फोटो काढा. कार्ड हरवलं तर ज्या केंद्रानं दिलं तिथेच जावं लागतं, आणि त्यांच्या नोंदवहीत तुम्हाला शोधायला तोच क्रमांक आणि तारीख उपयोगी पडते.