सीएनसी सिम्युलेटरवर ऑपरेटर तयार करताना : बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील कारखानदारांसाठी

टर्निंग सेंटरचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं) रॅपिड, म्हणजे कापत नसतानाची धाव, मिनिटाला ३० मीटर असेल, तर टरेट (टूलं धरणारं फिरतं डोकं) सेकंदाला ५०० मिमी पळतो. नव्या पोराचा हात लाल बटणाकडे जाईपर्यंत टूल चकात (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीत) घुसलेलं असतं. ही पहिली धडक पडद्यावर व्हावी, म्हणून सिम्युलेटर. एक कॉम्प्युटर, त्यात कंट्रोलसारखं वागणारं सॉफ्टवेअर आणि पुढ्यात मशीनसारखं पॅनल व हँडव्हील. साध्या यूपीएसवर चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी शिकवणी बुडत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. सिम्युलेटरला मोजून भरलेलं तेवढंच दिसतं. चकाचे जॉ (जॉब आवळणारे जबडे) ४० मिमी बाहेर असताना मॉडेलमध्ये २५ भरले, तर पडद्यावर सगळं सुरळीत चालेल आणि मशीनवर ठोकर बसेल. बोअरिंग बारच्या (आतलं भोक कापणाऱ्या टूलच्या) ओव्हरहँगचं, म्हणजे तो टरेटबाहेर किती निघालाय त्याचं, तेच. त्यामुळे 'सिम्युलेटरवर बरोबर होतं की!' अशी तक्रार आली, की आम्ही आधी टेप घेऊन चक मोजतो.

पहिले दोन दिवस प्रोग्रॅमला हात नाही, फक्त पॅनल. हँडव्हीलची एक खूण म्हणजे गुणिले १ वर एक मायक्रॉन आणि गुणिले १०० वर ०.१ मिमी. पूर्ण फेऱ्यात १०० खुणा, म्हणजे गुणिले १०० वर एका फेऱ्यात झेड (जॉबच्या लांबीच्या दिशेचा अक्ष) १० मिमी सरकतो. जॉबला टूल टेकवताना नॉब १०० वरच राहिला, तर इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलाच. हा नॉब बघायची सवय लागेपर्यंत पुढे जायचं नाही.

नंतर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची कंट्रोलमध्ये भरलेली दुरुस्ती. रिजेक्शन जास्त इथेच होतं, म्हणून वेळही इथेच जास्त देतो. समजा वेअरच्या (टूलच्या झिजेच्या) एक्स, म्हणजे व्यासाच्या, रकान्यात -०.१२० आहे आणि व्यास ५० मायक्रॉन मोठा येतोय. -०.०५ टाईप करून 'प्लस इनपुट' दाबलं तर -०.१७० होतं, जॉब मापात. घाईत नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसून -०.०५० बसतो आणि पुढचा जॉब मापापेक्षा १२० मायक्रॉन मोठा निघतो. बटणं शेजारी-शेजारी, चूक एका बोटाची. आम्ही ती मुद्दाम करायला लावतो, आणि पुढच्या जॉबचं माप किती येईल हे आधी कागदावर लिहून घेतो.

जी ९६ तसंच. या कोडने कटिंग स्पीड कायम राहतो, म्हणून व्यास कमी झाला की फेरे वाढतात. कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर ठेवला तर २० मिमी व्यासावर साधारण ३,१८० आरपीएम होतात, ५ मिमीवर १२,७०० च्या पुढे. फेसिंग करत (जॉबचं तोंड सपाट करत) टूल मध्याकडे गेलं की स्पिंडल मशीनच्या कमाल वेगाला जातो. जी ५० या कोडने आरपीएमला मर्यादा घातली नसेल, तर वेगामुळे जॉची पकड सैल होऊन कास्टिंग सुटू शकतं. पडद्यावर फक्त आकडा वाढताना दिसतो. त्यामागचा धोका तोंडी समजवावाच लागतो.

कास्टिंगवाल्यांनी हे ध्यानात ठेवा : सिम्युलेटरमधला कच्चा माल देखणा, एकसारखा असतो. फौंड्रीचा नसतो. साचा सरकला की ड्रॉइंगवरचं ३ मिमी मटेरियल एका बाजूला ५ भरतं, वरून कडक कातडी आणि अडकलेली वाळू. चॅटरचा (टूल थरथरण्याचा) आवाज, इन्सर्टची झीज, कूलंट कमी पडणं, यांतलं काही पडद्यावर कळत नाही. ते शॉप फ्लोअरवरच शिकावं लागतं.

बॅच दोघांची, रोज दोन तास, दहा दिवस. अलार्म स्क्रीनवर इंग्रजीतच येतात. खानापूरकडची पोरं मराठीत आणि बैलहोंगलकडची कन्नडमध्ये वाचतील असे दोन तक्ते पॅनलशेजारी लावलेले असतात. शेवटचे दोन दिवस तुमच्याच मशीनवर : जागा असेल तर झेड शिफ्ट (प्रोग्रॅमचा शून्य सरकवणं) जॉबपासून १०० मिमी लांब, पहिली फेरी हवेत, सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ) चालू, रॅपिड २५ टक्क्यांवर, हात फीडच्या नॉबवर. हवेतली फेरी झाली की शिफ्ट परत शून्य केल्याचं दोघांनीही पाहायचं.

येताना जॉबचं ड्रॉइंग, पेन ड्राइव्हमध्ये चालू प्रोग्रॅम, कंट्रोलचं मॉडेल, टरेटच्या स्टेशनांची संख्या आणि प्रत्येक टूलचा ओव्हरहँग आणा. सॉफ्ट जॉ नव्याने बोअर केले असतील तर मापं त्यानंतरची द्या.